आधी कोण आले? सोमाली–ओरोमो मूळस्थानाच्या वादाचे टीकात्मक वाचन

आफ्रिकेच्या नकाशावर पूर्वेला समुद्रात घुसलेला जो टोकदार भाग दिसतो त्याला ‘आफ्रिकेचे शिंग’ म्हणतात. सोमालिया, जिबूती, इथिओपियाचा पूर्व व दक्षिण भाग आणि उत्तर केनिया या सलग पट्ट्यात सोमाली आणि ओरोमो हे दोन मोठे जनसमूह शेजारी राहतात. दोघांच्या भाषा कुशिटिक कुळातल्या आहेत. दोघांतही गुरे आणि उंट पाळणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि दोघांचाही काही भूभागांवर परंपरागत हक्काचा दावा आहे. या भूमीवर आधी कोण आले, हा प्रश्न इतिहासकार गेली साठ-पासष्ट वर्षे विचारत आहेत. त्याच काळात तो प्रश्न सीमावादांत आणि सार्वमतात विचारला गेला, आणि बंदूक रोखूनही विचारला गेला.

या टिपणात आपण या वादातले दोन पायाभूत निबंध आणि एक पुस्तक तपासणार आहोत. विद्यार्थ्यांनी वाचताना एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा: समोर ठेवलेला पुरावा नेमका कशाचा आहे, आणि तो कशासाठी वापरला जातो आहे?

एका शब्दाबद्दल आधीच सांगितले पाहिजे. जुन्या ग्रंथांत ओरोमोंना ‘गाल्ला’ म्हटलेले आढळते. हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे आणि ओरोमोंना ते अपमानास्पद वाटते, म्हणून आज ते वापरत नाहीत. इथे ते फक्त त्या शब्दाचीच चर्चा करताना येईल, कारण वादाचा बराचसा गुंता त्याच शब्दात आहे.

पहिला निबंध: ‘विजया’ची कथा

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९६० साली ‘आफ्रिकेच्या शिंगावरील सोमाली विजय’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. योगायोग असा की पुढे त्यांना खोडून काढणाऱ्या अमेरिकन अभ्यासकाचे आडनावही लुईसच होते. घोटाळा होऊ नये म्हणून आपण पहिल्यांना आय. एम. आणि दुसऱ्यांना हर्बर्ट म्हणू.

आय. एम. यांची मांडणी थोडक्यात अशी. सोमाली लोक मुळात उत्तरेचे, एडनच्या आखाताच्या किनाऱ्यावरचे. साधारण दहाव्या शतकापासून ते दक्षिणेकडे सरकू लागले. त्या वेळी आतल्या भागात ओरोमो राहत होते, आणि त्याहून दक्षिणेला, नद्यांच्या काठी, बांटू भाषा बोलणारे शेतकरी होते. सोमालींच्या रेट्याने ओरोमो नैर्ऋत्येकडे ढकलले गेले आणि सोळाव्या शतकात ते इथिओपियाच्या उंच प्रदेशात शिरले. म्हणजे क्रम असा: आधी बांटू, मग ओरोमो, शेवटी सोमाली.

कथा सुटसुटीत आहे. एक ढकलतो, दुसरा तिसऱ्याला ढकलतो; जणू उतारावर एकामागे एक लावलेल्या गाड्या. पण ती मुख्यतः वंशावळी, थडगी आणि अरबी ग्रंथ या तीन आधारांवर उभी आहे, आणि तिन्ही आधार डळमळीत आहेत.

वंशावळींपासून सुरुवात करू. सोमाली मुलाला आपल्या पूर्वजांची नावे पिढ्यान्‌पिढ्या मागे तोंडपाठ म्हणून दाखवता येतात. दारोद आणि इसाक या मोठ्या कुळांचे मूळपुरुष अरबस्तानातून समुद्र ओलांडून आले अशी परंपरा आहे. पण या वंशावळी नुसत्या आठवणीसाठी पाठ केल्या जात नाहीत. खून झाला तर रक्तभरपाई कोणी कोणासोबत भरायची, भांडणात कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हे त्यांवरून ठरते. १९६१ च्या ‘पशुपालकांची लोकशाही’ या आपल्या गाजलेल्या ग्रंथात खुद्द आय. एम. यांनीच हे उत्तम रीतीने दाखवले आहे. अरबी पूर्वजांच्या कथेत इस्लामच्या प्रसाराची स्मृती आहे, हेही त्यांना ठाऊक होते. तरीही स्थलांतराचा कालक्रम लावताना त्यांनी बऱ्याच अंशी याच परंपरांवर भिस्त ठेवली. जो दस्तऐवज आज कोण कोणाचा भागीदार हे सांगण्यासाठी सतत जुळवून घेतला जातो, त्याच्या पिढ्या मोजून हजार वर्षांपूर्वीची तारीख काढता येत नाही. त्यांच्या निबंधातली सर्वांत मोठी त्रुटी मला हीच वाटते, कारण ही त्रुटी ओळखण्याची साधने सर्वांत जास्त त्यांच्यापाशीच होती.

दुसरा आधार अधिक रंजक आहे. उत्तर सोमालियाच्या उजाड माळावर दगडांचे मोठे ढीग रचलेली जुनी थडगी विखुरलेली आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘गाल्लांची’ म्हणतात. त्यावरून तिथे पूर्वी ओरोमो राहत होते असा निष्कर्ष निघाला. पण सोमाली भाषेत ‘गाल’ म्हणजे इस्लाम न मानणारा, काफिर. मध्य सोमालियातल्या गालकायो या शहराच्या नावाचाही अर्थ ‘जिथून काफिर पळाला ती जागा’ असा सांगतात. इस्लाम स्वीकारलेला समाज आपल्या इस्लामपूर्व पूर्वजांच्या थडग्यांनाही ‘गालांची थडगी’च म्हणणार! म्हणजे ज्या दगडांच्या आधारे सोमालींच्या आधी तिथे दुसरे कोणीतरी होते असे सांगितले गेले, ते दगड सोमालींच्याच खापरपणजोबांचे असू शकतात. गंमत म्हणजे ओरोमो भाषेत ‘गाला’ म्हणजे उंट. ध्वनी जुळला म्हणून इतिहास जुळवायचा झाला, तर उंटांनाही जमिनीचा दावा सांगता येईल.

तिसरा आधार अरबी भूगोलग्रंथांचा. इथे तर पुरावा कथेच्या उलट जातो. तेराव्या शतकातला इब्न सईद हा आजच्या मोगादिशूच्या दक्षिणेला असलेल्या मर्का बंदराजवळ हावीया लोकांचा उल्लेख करतो. हावीया हे सोमालींचे एक प्रमुख कूळ. १३३१ च्या सुमारास या किनाऱ्याने गेलेला इब्न बतूता झैलापासून मोगादिशूपर्यंतच्या दोन महिन्यांच्या वाटेवर एकाच ‘बर्बर’ लोकांचा देश असल्याचे सांगतो. जे लोक तेराव्या-चौदाव्या शतकात इतक्या दक्षिणेला स्थिर दिसतात, ते दहाव्या शतकात उत्तरेच्या टोकावरून नुकते निघाले होते आणि त्यांना वाटेत ओरोमोंशी लढावे लागत होते, हे पटायला जड जाते.

दुसरा निबंध: भाषेची साक्ष

१९६६ मध्ये हर्बर्ट लुईस यांनी ‘गाल्ला आणि सोमाली यांचे मूळ’ या विषयावर निबंध लिहून चित्र उलटे केले. त्यांचा मुख्य आधार भाषाशास्त्राचा.

सोमाली आणि ओरोमो या भाषा किती जवळच्या आहेत ते आकड्यांवरूनही कळते. दोन, तीन, चार, पाच हे सोमालीत लब, सद्देह, अफर, शन; ओरोमोत लमा, सदी, अफुर, शन. ‘तोंड’ या अर्थाचा शब्द दोन्हींत ‘भाषा’ या अर्थानेही येतो, म्हणून एक भाषा ‘अफ सोमाली’ आणि दुसरी ‘अफान ओरोमो’. इस्लामपूर्व सोमालींच्या आणि ओरोमोंच्या आकाशदेवाचे नावही एकच, वाक. केनिया-सोमालिया सीमेवरच्या एल वाक या गावाच्या नावाचा अर्थ ‘देवाची विहीर’. ते नाव सोमालीही आपले म्हणून समजू शकतो आणि बोरानाही. (बोराना हा ओरोमोंचा दक्षिणेकडचा एक मोठा गट.)

या भाषाकुळाचे मूळ ठिकाण कोणते? भाषाशास्त्रात एक प्रचलित तर्क आहे. एखाद्या कुळातल्या एकमेकींपासून खूप वेगळ्या झालेल्या शाखा जिथे लहानशा जागेत दाटीने आढळतात, तिथे त्या कुळाचे मूळ असण्याची शक्यता जास्त. आणि जिथे एकच भाषा फारसा फरक न पडता अफाट प्रदेशावर पसरलेली दिसते, तिथे ती उशिरा पोचली असावी. ओरोमोची जवळची नातलग कोन्सो ही भाषा दक्षिण इथिओपियात आहे. १९६४ मध्ये हॅरोल्ड फ्लेमिंग यांनी दाखवून दिले होते की सोमालीच्या जवळच्या दोन भाषा सोमालीपासून दूर पडलेल्या आहेत: उत्तर केनियाच्या वाळवंटातली रेंदिले, आणि दक्षिण इथिओपियातल्या अबाया सरोवराच्या एका बेटावरच्या मूठभर लोकांची बायसो. आय. एम. यांची कथा खरी मानली तर सरोवरातल्या त्या बेटावर हे लोक कसे पोचले ते सांगता येत नाही. दोन्ही समूहांचे मूळ दक्षिण इथिओपिया–उत्तर केनिया भागात मानले, तर ते सहज सांगता येते. म्हणजे सोमाली उत्तरेकडून दक्षिणेला आलेले नाहीत. ते दक्षिणेकडून उत्तरेला पसरले, आणि तेही पुष्कळ आधी.

ओरोमोंच्या बाबतीत लेखी पुरावाही आहे. बाह्रे नावाच्या इथिओपियन ख्रिस्ती धर्मगुरूने १५९३ साली गीझ भाषेत ओरोमोंचा छोटा इतिहास लिहिला. ओरोमोंच्या गदा व्यवस्थेत दर आठ वर्षांनी सत्ता एका पिढीगटाकडून पुढच्याकडे जाते. बाह्रेने या गटांच्या नावांनुसार कोणी कोणत्या प्रदेशावर स्वारी केली ते नोंदवले, त्यामुळे घटनांचा काळ बऱ्यापैकी लावता येतो. त्याच्या सांगण्यानुसार ओरोमो दक्षिणेकडची गलाना नदी ओलांडून आधी बाले प्रदेशात आले. बाह्रे स्वतः या स्वाऱ्यांची झळ लागलेल्या गामो भागातला, म्हणजे शत्रुपक्षाचा साक्षीदार. पण दिशेबद्दल खोटे बोलण्याचे त्याला कारण नव्हते. ओरोमो उत्तर सोमाली किनाऱ्यावरून आले, असे ना त्यांची परंपरा सांगते ना तो.

पुराव्याच्या बळावर हर्बर्ट यांचा निबंध निःसंशय सरस आहे, आणि पुढच्या संशोधनाचा कल साधारण त्याच बाजूला राहिला. तरी तो तपासल्याशिवाय स्वीकारू नये. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. तुळईवर भार किती हे माहीत असेल तर ती किती वाकेल हे काढता येते. पण नुसत्या वाकण्यावरून भार कुठे आणि किती होता हे काढायला गेले तर एकाच वाकण्याला अनेक भार जुळतात. मूळस्थान शोधणे हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न आहे. दक्षिण इथिओपियात भाषांची दाटी आहे, कारण तिथे डोंगर, दऱ्या आणि सरोवरे लहान समूहांना आसरा देतात. उत्तरेच्या सपाट माळावरही पूर्वी तितक्याच भाषा असतील आणि सोमालीच्या प्रसारानेच त्या पुसल्या गेल्या असतील, ही शक्यता या तर्काने मिटत नाही. दक्षिणेचा पर्याय अधिक संभाव्य आहे एवढेच म्हणता येते.

खरी अडचण मात्र निराळीच आहे, आणि ती दोन्ही लुईस यांना समान लागू पडते. ‘सोमाली’ आणि ‘ओरोमो’ या नावांच्या दोन बंद पेट्या हजार वर्षांपूर्वीही होत्या आणि त्या नकाशावर इकडून तिकडे सरकल्या, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. भाषेचे मूळ सापडले म्हणजे माणसांचे मूळ सापडले असे होत नाही, कारण माणसे भाषा बदलतात. जनुकशास्त्रानेही ही अडचण सुटत नाही. सोमाली पुरुषांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात (२००५) तीन-चतुर्थांशाहून अधिक जणांची पितृरेषा पूर्व आफ्रिकेत रुळलेल्या एकाच गटाची निघाली. त्यामुळे बहुसंख्य समाज अरबस्तानातून आला या समजुतीला आधार उरत नाही. पण ओरोमोंमध्येही तोच गट मोठ्या प्रमाणात आढळतो, म्हणून दोन शेजाऱ्यांच्या भांडणात त्याचा काही उपयोग नाही.

सीमेवरची माणसे

ही अडचण नेमकी पकडणारे पुस्तक जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ग्युंटर श्ले यांचे. उत्तर केनियातल्या पशुपालकांवरचे त्यांचे ‘आयडेंटिटीज ऑन द मूव्ह’ १९८९ साली निघाले. श्ले यांनी वांशिक गटांऐवजी कुळांचा माग काढला, आणि निघाले ते विलक्षण होते. एकच कूळ रेंदिलेंमध्ये, गब्रांमध्ये, साकुयेंमध्ये, गर्रींमध्ये आणि काही सोमाली गटांतही सापडते. त्या कुळांतल्या लोकांना आपले हे नाते माहीत असते, आणि दुष्काळात किंवा रोगराईत उंट मेले की ते दूरच्या गटातल्या आपल्या कुळबंधूंकडे आसरा मागतात. म्हणजे गट वेगवेगळे होण्याच्या आधीपासून कुळे होती.

गब्रांचे उदाहरण पाहा. ते ओरोमो बोलतात आणि बोरानांचे जुने सहयोगी आहेत. पण त्यांचे उंटपालन, दिनगणना आणि उंटांशी निगडित सोरियो हा बळीचा विधी रेंदिले व सोमालींच्या जुन्या परंपरेशी जुळतो. सोळाव्या शतकात बोरानांचा जोर वाढला तेव्हा उंटपालकांतले काही त्यांच्या छत्राखाली आले आणि हळूहळू त्यांची भाषा बोलू लागले, काही बाहेर राहिले, काही इस्लामसह सोमाली वंशावळीत सामील झाले, असे श्ले यांचे प्रतिपादन आहे. गर्री तर दोन्हीकडे आहेत: मुसलमान, सोमाली वंशावळ सांगणारे, पण त्यांच्यातल्या अनेकांची घरची बोली ओरोमो. गर्री आधी आले की ओरोमो, या प्रश्नाला अशा घरात अर्थच उरत नाही.

राज्यकर्त्यांना असे धूसर लोक आवडत नाहीत. १९७७–७८ च्या ओगादेन युद्धाच्या काळात मोगादिशूच्या सरकारने इथिओपियातल्या बाले, अर्सी व सिदामो भागांतल्या ओरोमोंना ‘सोमाली अबो’ असे नाव दिले आणि त्या नावाची एक मुक्ती आघाडीही उभी राहिली. म्हणजे ओरोमो बोलणारे पण ‘मुळात’ सोमाली असलेले लोक! नाव बदलले की त्यांची जमीनही नकाशावर आपोआप आपली होते. इकडे इथिओपियाच्या दरबारी इतिहासलेखनात ओरोमोंना सोळाव्या शतकात घुसलेले उपरे ठरवण्याची जुनी परंपरा आहे. मोहम्मद हसन यांच्यासारख्या ओरोमो इतिहासकारांनी, ओरोमो त्या राज्याच्या आसपास त्याच्याही आधीपासून होते असे दाखवत या परंपरेचा प्रतिवाद केला. त्यांची चीड समजते. पण ‘आम्ही तुम्ही म्हणता त्याहून आधीचे’ असे उत्तर देताच, आधी असणे म्हणजे हक्क असणे ही प्रतिपक्षाची अटही मान्य केल्यासारखे होते.

कलम ४८ आणि सार्वमत

१९९५ च्या संविधानाने इथिओपिया वांशिक पायावरच्या प्रांतांचे संघराज्य झाला. ओरोमिया आणि सोमाली हे शेजारी प्रांत बनले. त्यांच्यामधली सीमा मात्र जमिनीवर आखलेली नव्हती. इथे संविधानाची एक बाजू दाद देण्यासारखी आहे. कलम ४८ नुसार प्रांतांचा सीमावाद आपसांत मिटला नाही तर संघसभागृहाने वस्तीची रचना आणि लोकांची इच्छा यांवरून निर्णय द्यायचा. ‘आधी कोण आले’ हा निकष त्यात नाही. निबंधकारांना जे सुचले नाही ते कायदा लिहिणाऱ्यांना सुचले, असे क्षणभर वाटते.

पण कलम ३९ वाचले की अडचण कळते. ‘राष्ट्र, राष्ट्रीयत्व किंवा जनसमूह’ म्हणजे कोण, याच्या तिथल्या व्याख्येत समान संस्कृती, एकमेकांना कळणारी भाषा आणि समान अस्मितेची भावना यांच्याबरोबर ओळखता येईल असा, बहुतांशी सलग प्रदेशही आहे. पावसामागे फिरणाऱ्या उंटपालकाला सलग प्रदेश कुठला? त्याचे वर्ष एका कुरणातून दुसऱ्या कुरणात जाते, आणि त्याच कुरणात दुसऱ्या मोसमात दुसरा गट येतो.

ऑक्टोबर २००४ मध्ये सीमेवरच्या सुमारे ४२० केबेलेंमध्ये (केबेले म्हणजे तिथले सर्वांत लहान प्रशासकीय क्षेत्र) सार्वमत घेतले गेले. अधिकृत निकालानुसार जवळपास ८० टक्के वादग्रस्त भाग ओरोमियाकडे गेला. मतपत्रिकेवर पर्याय दोनच. ज्या गावातले लोक चार महिने कुरणात असतात तिथे कोण रहिवासी आणि कोण पाहुणा, हे मतदार यादी करणाऱ्याने ठरवायचे. गर्रींचे राजकारण सोमाली प्रांताकडे झुकले होते आणि बोरानांचे ओरोमियाकडे, त्यामुळे ज्या विहिरीवर दोघेही पाणी भरत, ती आता कोणत्या प्रांताची, हा प्रश्न जन्माला आला. केनियाच्या सीमेवरचे मोयाले शहर तर सुटलेच नाही. तिथे दोन्ही प्रांतांची प्रशासने ठाण मांडून आहेत. दिरे दावा हे रेल्वेमुळे १९०२ मध्ये वसलेले शहर दोघेही मागत होते, म्हणून ते संघशासनाच्या अखत्यारीत ठेवावे लागले. २०१७ मध्ये या सीमेवर मोठा हिंसाचार झाला आणि सुमारे दहा लाख माणसे घरदार सोडून विस्थापित झाली. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या प्रांतात दुकान टाकून बसलेले शहरी लोकही होते. त्यांच्या कुरणाचा प्रश्नच नव्हता. फक्त त्यांचे नाव चुकीच्या यादीत होते.

विहिरीचा कायदा

या सगळ्या वाङ्मयात ज्यांच्या जमिनीबद्दल बोलणे चालले आहे, त्यांचा स्वतःचा हक्काचा विचार फार थोड्या जागी येतो. तो संदिग्ध मुळीच नाही. बोरानांकडे ‘तुला’ नावाच्या नऊ प्रसिद्ध खोल विहिरींचे समूह आहेत. पाणी काढायला माणसांची साखळी लागते, ती गात गात वर पाणी चढवते. प्रत्येक विहिरीला एक ‘आबा कोन्फी’ असतो, म्हणजे ज्याच्या कुळाने ती खणली त्याचा वारस. त्याचा मान पहिला. पण रोज कोणाच्या जनावरांनी कोणत्या क्रमाने पाणी प्यायचे हे ‘आबा हेरेगा’ हा वेगळा कारभारी पाहतो, आणि बाहेरच्यालाही रीतसर मागितल्यावर पाळी मिळू शकते. सोमालींकडेही विचार फार वेगळा नाही. कुरण ही देवाची देणगी, ती कोणाच्या मालकीची नाही. विहीर मात्र ती खणण्यात ज्यांचे श्रम गेले त्यांची. हे आय. एम. लुईस यांनीच नोंदवून ठेवले आहे, त्यांच्या ‘विजया’च्या निबंधानंतर एका वर्षाने आलेल्या पुस्तकात.

म्हणजे ‘आधी’ला या समाजांत किंमत आहे, पण ती खणण्याच्या श्रमाला, आणि तीही विहिरीपुरती. तिच्यातून पहिली पाळी मिळते. दुसऱ्याला हाकलण्याचा अधिकार मिळत नाही. इतिहासकाराने आणि प्रांताच्या अधिकाऱ्याने हा ‘आधी’ उचलून तो संपूर्ण भूमीला आणि संपूर्ण वंशाला लावला. संविधानाच्या कलम ४० मध्ये पशुपालकांना मोफत चराईचा आणि आपल्या जमिनीवरून विस्थापित न होण्याचा हक्क दिलेला आहे. त्या कलमात ओरोमो की सोमाली, असे विचारलेले नाही. २००४ च्या सार्वमतात मतदाराला विचारले ते मात्र तेवढेच.